पुराच्या पिशवीत कोणती बॅटरी ठेवावी?

नाशिकला गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की गोदाकाठच्या आमच्या पंचवटीत एकच प्रश्न फिरतो: दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी आलंय? पूर किती चढला ते आम्ही त्यावरूनच मोजतो. २००८, २०१६, २०१९, तिन्ही वर्षं काठावरच्या लोकांच्या चांगली लक्षात आहेत. पाणी चढलं की लाइट जाते, आणि पुष्कळदा ती सुरक्षेसाठी मुद्दाम बंद केलेली असते. त्यामुळे ती कधी येईल याचा नेम नसतो.

आमच्याकडे इन्व्हर्टर आहे. पण एका पावसाळ्यात रात्री घर सोडून इंदिरानगरला मावशीकडे जावं लागलं, तेव्हा पन्नासेक किलोची ती बॅटरी जिन्याखालीच राहिली. आईला दमा आहे. तिचं नेब्युलायझर, म्हणजे औषधाचा बारीक फवारा करून श्वासातून देणारं यंत्र, मी काखेत घेतलं होतं, पण ते लावायचं कशाला? शिवाय माझ्या फोनमध्ये ११ टक्के चार्ज होता. घरात चालणारी वीज आणि सोबत नेता येणारी वीज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या रात्री कळलं.

हा आढावा फक्त सोबत नेता येणाऱ्या विजेचा आहे.

आधी एक हिशोब. पॉवर बँकेवरचा २०,००० एमएएचचा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. गुणाकार करून हजाराने भागलं की ७४ वॉट-अवर होतात, म्हणजे एक वॉटचं यंत्र ७४ तास चालेल एवढी वीज. बाहेर मात्र ती ५ व्होल्टने येते आणि थोडी व्होल्टेज बदलण्यात वाया जाते, म्हणून खोक्यावर बारीक अक्षरात ‘रेटेड कपॅसिटी’ बारा-तेरा हजारांच्या आसपास लिहिलेली दिसते. तोच आकडा खरा धरा. ५,००० एमएएचचा फोन त्यावर साधारण अडीच वेळा भरतो. म्हणजे दोन माणसांचे फोन जपून वापरले तर दोन दिवस निघतात. किंमत दीड-दोन हजार, वजन चारशे ग्रॅमच्या आतबाहेर.

वजन मुद्दाम सांगतेय. मी पूर्वी एका दुकानातून ‘५०,०००’ लिहिलेली स्वस्त पॉवर बँक आणली होती. एक फोन जेमतेम भरून ती संपायची. वाण्याच्या काट्यावर ठेवली तर दोनशे ग्रॅमही भरली नाही. एवढ्या वजनात तेवढी वीज मावूच शकत नाही. घेताना हातात तोलून बघा, आणि मागे बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह व ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का तेही बघा. तो क्रमांक बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की कंपनीचं नाव येतं.

पॉवर बँकेची एक खोड मात्र आधी माहीत हवी. फार कमी वीज ओढणारा छोटा दिवा लावला तर फोन भरला असं समजून ती अर्ध्या-एक मिनिटात आपोआप बंद पडते. आमचा यूएसबी दिवा असाच सारखा विझायचा. सोबत फोन लावला की दोन्ही चालतात. दिवा अंधारात पहिल्यांदा लावू नका, आजच लावून बघा.

दुसरा पर्याय राउटरचा छोटा यूपीएस. घरी बसून ऑनलाइन काम करणाऱ्यांसाठी तो सोयीचा आहे, पण पिशवीत घालण्याजोगा नाही. त्याऐवजी पॉवर बँकेच्या पाच व्होल्टचे राउटरसाठी बारा करणारी केबल दीड-दोनशे रुपयांत मिळते. तुमचा राउटर सात-आठ वॉटचा असेल तर तो त्याच पॉवर बँकेवर पाच-सहा तास चालतो.

तिसरा पर्याय नाशिककरांच्या अंगणातलाच आहे, फवारणीच्या पंपाची १२ व्होल्टची बॅटरी. द्राक्षबाग असलेल्या नातेवाइकांकडे ती असतेच. जुनी लेड-ॲसिडची ८ अँपिअर-अवरची असेल तर कागदावर ९६ वॉट-अवर, पण बॅटरी टिकवायची तर निम्मीच वापरायची. वजन अडीच किलोच्या घरात, आणि चार्ज न करता पावसाळाभर पडून राहिली की ती मरू शकते. लिथियम आयर्न फॉस्फेटची १२ अँपिअर-अवरची घेतली तर दीडशे वॉट-अवर हाताशी येतात. ती तुलनेने कमी तापते आणि दोन हजार वेळा तरी चार्ज होते. तिला फ्यूज आणि गाडीत असतं तसं चार्जिंगचं सॉकेट जोडून घ्यावं लागतं. पैशाच्या मानाने सर्वांत जास्त वीज इथेच मिळते. पण उघड्या वायरींची सवय नसलेल्या घरात मी ती सुचवणार नाही.

चौथा पर्याय पॉवर स्टेशन, म्हणजे बॅटरी आणि इन्व्हर्टर एकाच उचलता येणाऱ्या डब्यात. यात २३० व्होल्टचं सॉकेट मिळतं. अडीचशे वॉट-अवरच्या पॉवर स्टेशनला वीस हजारांच्या आसपास किंवा त्याहून जास्त पडतात, वजन तीन-चार किलो. आईच्या नेब्युलायझरच्या तळाशी १३० वॉट लिहिलंय. दहा मिनिटांच्या एका वेळेला बावीस वॉट-अवर, म्हणजे थोडी वीज वाया जाते हे धरून आठ-नऊ वेळा औषध घेता येईल. हा आकडा बघून मी पैसे बाजूला काढलेही होते.

मग डॉक्टरांशी बोलले. मेश प्रकारचं तळहाताएवढं नेब्युलायझर यूएसबीवर काही वॉटमध्ये चालतं. सगळी औषधं त्यात चालत नाहीत, म्हणून औषधांची नावं दाखवून विचारलं. आईची चालतात. साडेतीन हजारांत मशीनच बदललं आणि तेच काम पॉवर बँकेवर आलं. दम्याचा इनहेलर पंप आणि त्याला लावायची नळी (स्पेसर) पिशवीत आहेच, त्याला वीज लागत नाही. इन्सुलिनसाठी फ्रिज चालवायचा विचार असेल तर आधी तुमच्या इन्सुलिनचं माहितीपत्रक वाचा. वापरात असलेली बाटली किंवा पेन ठरावीक दिवस फ्रिजबाहेर, थंड जागी चालतं.

सीपॅपसारखं, झोपेत श्वास अडू नये म्हणून हवा देणारं यंत्र रोज लागत असेल तर मात्र पॉवर स्टेशन घ्या, तिथे काटकसर नको. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर तीनशे-चारशे वॉट खातं, ते यावर तासभरही टिकणार नाही. तिथे भरलेला सिलिंडरच हवा.

घडीचं सोलर पॅनल मे महिन्यात उत्तम, पण पूर येतो जुलै-ऑगस्टच्या ढगांत. पेट्रोल जनरेटर फ्लॅटमध्ये किंवा गॅलरीत कधीही लावू नका. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच जीव जातो.

मी शेवटी २०,०००च्या दोन पॉवर बँका घेतल्या, एकच मोठी नाही. एक बिघडली तर दुसरी असते, आणि घरातली माणसं दोन ठिकाणी गेली तर दोघांकडे वीज राहते. पोटमाळ्यावर उन्हाळ्यात फार तापतं, म्हणून पिशवी दारामागच्या खुंटीला असते. दर संकष्टीला चंद्रोदयाची वाट बघताना आई दोन्हींची बटणं दाबून दिवे मोजते. चारपैकी तीनच लागले तर मला हाक मारते.