गृहकर्जाचं ओव्हरड्राफ्ट खातं: चौदा महिन्यांनंतर

जानेवारी 2025 मध्ये पुण्यात धायरीला 52 लाखांचा रिसेल टू बीएचके घेतला. कर्ज 40 लाख, मुदत 20 वर्षं. रिसेल असल्याने जीएसटी नव्हता, पण मुद्रांक शुल्क 7 टक्के, म्हणजे 3 लाख 64 हजार, वर नोंदणीचे 30 हजार. ही रक्कम बँक कर्जात धरत नाही. 12 लाख स्वतःचे घालून वर हे भरलं, तेव्हा हाताशी जेमतेम 3 लाख उरले. ते कुठे ठेवायचे, या प्रश्नातूनच मी साधं गृहकर्ज सोडून ओव्हरड्राफ्टवालं घेतलं.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी: कर्जखातंच चालू खात्यासारखं वापरता येतं. जास्तीचे पैसे त्यात टाकले की व्याज उरलेल्या रकमेवरच, तेही रोजच्या हिशेबाने लागतं. गरज पडली की पैसे परत काढायचे, कुणाला विचारायला नको. या सोयीसाठी माझ्या बँकेत व्याजदर साध्या कर्जापेक्षा पाव टक्का जास्त होता. मला 8.75 लागला, हप्ता 35,348. पहिल्या महिन्याला त्यातले 29 हजारांहून जास्त नुसत्या व्याजाचे. हा आकडा बायकोला दाखवला नसता तर बरं झालं असतं.

माझं शाळेच्या गणवेशांचं दुकान आहे. जून-जुलैत गल्ला भरतो आणि कापडवाल्यांची बिलं सप्टेंबरात निघतात. मधले दोन महिने पैसे चालू खात्यात नुसते पडून असायचे, छदाम व्याज नाही. गेल्या वर्षी 1 जुलैला 6 लाख कर्जखात्यात टाकले आणि ऑगस्ट संपताना काढून घेतले. तोवर दर 7.75 वर आला होता (कसा ते पुढे सांगतो), त्याने साधारण 7,600 रुपयांचं व्याज वाचलं. काहीही न करता. खात्यावर खरा जीव जडला तो तेव्हा.

पण दुकान नसेल, नोकरीच असेल, तर हिशेब वेगळा पडतो, आणि तो कर्ज विकणारा माणूस सांगत नाही. पाव टक्का म्हणजे 40 लाखांवर वर्षाला 10 हजार. तुमचे पैसे एरवी बिनव्याजी पडून राहणार असतील, तर सरासरी 1 लाख 30 हजार खात्यात राहिले तरी तो जादा खर्च निघतो. पण तेच पैसे एफडीत गेले असते तर? माझी जुनी एफडी 7 टक्क्यांची होती, 20 टक्के कर गेल्यावर हातात 5.6. म्हणजे 7.75 च्या कर्जखात्यात ठेवण्याचा फायदा दोन-सव्वादोन टक्केच. त्यातून 10 हजार काढायचे तर साडेचार लाखांच्या पुढे रक्कम कायम पडून हवी. माझे 3 लाख एकटे असते तर मी तोट्यात गेलो असतो. आणि पैसे परत काढायचेच नसतील, तर साधं कर्ज घेऊन मुद्दल फेडत जावं. बदलत्या दराच्या गृहकर्जावर वैयक्तिक कर्जदाराला मुदतपूर्व फेडीचा दंड नाही. पाव टक्का मोजायचा तो पैसे परत काढता येण्याच्या सोयीसाठी, दुसऱ्या कशासाठी नाही.

आता दरकपातीचं. माझं कर्ज रेपोला, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते त्याला, जोडलेलं आहे. 2025 च्या फेब्रुवारीत रेपो 6.50 वरून 6.25 झाला, एप्रिलमध्ये 6, जूनमध्ये 5.50 आणि डिसेंबरमध्ये 5.25. पेपरात बातमी आली की शेजारीपाजारी हप्ता कमी झाल्याच्या आनंदात. माझा दर तीन महिन्यांनी बदलतो, त्यामुळे फेब्रुवारीची कपात 1 एप्रिलला लागायला हवी होती. मेच्या विवरणपत्रात बघतो तर जुनाच दर. शाखेत तीन खेपा झाल्या. पहिल्या खेपेला 'सिस्टीममध्ये आपोआप होतं, काका', दुसऱ्या खेपेला साहेब रजेवर, तिसऱ्या खेपेला लेखी अर्ज. महिन्याला साडेसातशे रुपयांचा फरक होता. शेवटी मागल्या तारखेपासून दुरुस्त करून दिला. दर महिन्याला विवरणपत्र उघडून दर आणि व्याज ताडून बघा, एवढंच सांगेन. मी तोपर्यंत बघत नव्हतो.

आज दर 7.50 आहे, पण हप्ता अजूनही 35,348 च. बँकेने मुदत कमी केली. 228 हप्ते उरायचे, ते नव्या वेळापत्रकात 188 झाले. हप्ता कमी करून घ्यायचा पर्याय होता, मी घेतला नाही. दुकानाचं एखादं वर्ष वाईट गेलं तर घेईन.

ॲपमध्ये दिसणारा आकडा मात्र फसवा आहे. खात्याची मर्यादा, म्हणजे जास्तीत जास्त किती कर्ज उचललेलं ठेवता येतं ती, मुद्दल फेडीच्या वेळापत्रकाप्रमाणे दर महिन्याला खाली येते, आणि मी टाकलेले पैसे 'उपलब्ध शिल्लक' म्हणून दिसतात. पहिले काही महिने मला ती शिल्लक म्हणजे आपली बचतच वाटायची. दिवाळीत त्यातूनच 1 लाख 10 हजारांची स्कूटर घेतली. घरात कुणी काही बोललं नाही, पण बायकोने त्याच रात्री कॅल्क्युलेटर उघडून विचारलं, 'म्हणजे ही स्कूटर गृहकर्जावर घेतली ना?' उत्तर हो होतं. मर्यादा आहे तोवर त्या पैशांवर व्याज चालूच राहणार आणि परत टाकायची सक्ती कुणाचीच नाही. तेव्हापासून नियम केलाय: दुकानाच्या कारणाशिवाय काढायचं नाही, आणि काढायचं तर तिला विचारून.

कराचं थोडक्यात. मी जुन्या करप्रणालीत आहे. वर्षाचं व्याज 2 लाखांच्या सवलतीच्या मर्यादेपेक्षा अजूनही खूप जास्त आहे, त्यामुळे पैसे ठेवून व्याज कमी झालं तरी सवलत घटली नाही. मात्र ठेवलेली रक्कम 80सी च्या करसवलतीत मुद्दल फेड म्हणून धरली जात नाही. सीएने हेही बजावलं की काढलेले पैसे दुकानात गेले, तर तेवढ्या रकमेचं व्याज घराचं व्याज म्हणून दाखवायचं नाही. म्हणून प्रत्येक वेळी काढल्याची वहीत तारीख-रक्कम लिहून ठेवतो.

सध्या खात्यात 2 लाख 40 हजार आहेत. स्कूटरचे 60 हजार अजून परत जायचे आहेत. जूनच्या हंगामात जातील असं मी बायकोला सांगितलंय. तिने वहीत तारीख लिहून घेतलीय.