लिव्हरमधले वण मोजायचे: फायब्रोस्कॅन, एमआर इलास्टोग्राफी की सुई?

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘फॅटी लिव्हर, ग्रेड २’ असं छापून आलं की घरात पहिला प्रश्न येतो, ‘म्हणजे लिव्हर निम्मं गेलं का?’ नाही. तो ग्रेड चरबीचा आहे. लिव्हर पडद्यावर किती पांढरं दिसतं यावरून ठरलेला. पुढच्या आयुष्याचा निकाल लागतो तो लिव्हरमध्ये वण किती साठले यावर. त्याला फायब्रोसिस म्हणतात. त्याच्या पायऱ्या एफ० (वण नाहीत) ते एफ४, आणि एफ४ म्हणजे सिरॉसिस, वणांनी लिव्हर भरून गेल्याची अवस्था. ग्रेड १ चरबीवाल्याला एफ३ असू शकतो आणि ग्रेड ३ वाल्याला एफ०. साध्या सोनोग्राफीला सुरुवातीचे वण दिसतच नाहीत, म्हणून पुढची तपासणी लागते. कोणती करायची यावरून मात्र घरोघरी गोंधळ असतो.

आधी बिनखर्चाचं काम उरकून घ्या. एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट हे रक्ततपासणीतले तीन आकडे बहुतेकांच्या फाइलमध्ये असतातच. वय गुणिले एसजीओटी करा. त्याला प्लेटलेट (हजारांत) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ या संख्येनं भागा. या आकड्याला फिब-४ म्हणतात. वय ५२, एसजीओटी ४८, एसजीपीटी ६२, प्लेटलेट २ लाख १० हजार (म्हणजे सूत्रात २१०) असतील तर उत्तर येतं सुमारे १.५. १.३ च्या खाली आलं तर मोठा फायब्रोसिस असण्याची शक्यता कमी; पासष्टीपुढच्यांसाठी ही रेषा २ धरतात. २.६७ च्या वर गेलं तर लिव्हरच्या डॉक्टरांना लवकर दाखवायचं. पस्तिशीच्या आतल्यांसाठी या गणितावर फार विसंबू नये. आपला ५२ वर्षांचा माणूस मधोमध अडकला, आणि खरा निर्णय अशांनाच घ्यायचा असतो.

पुढची पायरी बहुधा फायब्रोस्कॅन. पॅरिसच्या एकोसेन्स कंपनीनं २००३ मध्ये आणलेलं हे यंत्र. उजव्या बरगड्यांच्या फटीवर प्रोब टेकवतात आणि टिचकी मारल्यासारखा हलका धक्का बसतो. त्या धक्क्याची लाट लिव्हरमधून किती वेगानं गेली ते अल्ट्रासाउंड मोजतं. लिव्हर जितकं कडक, तितकी लाट वेगवान. अशी किमान १० मोजमापं घेतात. दहा मिनिटांत काम आटोपतं, चरबीचा अंदाजही त्याच वेळी मिळतो आणि खर्च एमआरआयपेक्षा बराच कमी. तीन तास उपाशी राहून जा. जेवणानंतर लिव्हरकडे रक्त जास्त वाहतं आणि आकडा उगाच वाढतो. कडकपणा किलोपास्कल या एककात येतो; साधारण ८ किलोपास्कलच्या खाली निश्चिंती, १२ च्या वर काळजी आणि मधला पट्टा पुन्हा संशयाचा. रिपोर्टवर ‘आयक्यूआर/मीडियन’ असं गुणोत्तर असतं. ते ३० टक्क्यांच्या वर असेल तर मोजमापं एकमेकांशी जुळलेली नाहीत, तो आकडा धरून बसू नका.

या यंत्राची अडचण दोन ठिकाणी होते. पोटात पाणी झालं असेल तर लाट पुढे जात नाही. अंगावर चरबीचा जाड थर असेल तर मोठा, एक्सएल प्रोब लागतो, आणि तरीही कधी नीट आकडा येत नाही. शिवाय यंत्र लिव्हरच्या एका जागचा, बोटाच्या दोन पेरांएवढा भाग मोजतं. वण सगळीकडे सारखे पसरलेले नसतात.

एमआर इलास्टोग्राफीचं वेगळेपण इथेच आहे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये रिचर्ड एहमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत १९९५ मध्ये मांडली. तिथे रुग्णांसाठी वापरायची परवानगी मिळाली २००९ मध्ये. कल्पना जुन्या वैद्यकीचीच आहे. डॉक्टर उजव्या बरगडीखाली बोटं दाबून ‘श्वास घ्या’ म्हणतात आणि लिव्हर हाताला टणक लागतं का ते पाहतात. इथे हाताच्या जागी कंपन आहे. पोटावर प्लास्टिकची चपटी चकती पट्ट्यानं बांधतात. बाहेरच्या खोलीतल्या पंपाची नळी तिला जोडलेली असते, आणि चकती सेकंदाला ६० वेळा थरथरते. दुखत नाही, गुणगुण जाणवते. एमआरआय त्या थरथरीनं लिव्हरच्या आत उठलेल्या लाटांचं चित्र घेतं. हालचाल मिलिमीटरच्या हजाराव्या भागात असली तरी त्याला ती टिपता येते. मऊ लिव्हरमध्ये लाटा जवळजवळ, कडक लिव्हरमध्ये दूरदूर. २ किलोपास्कलच्या निरोगी लिव्हरमध्ये दोन लाटांमधलं अंतर अडीच सेंटीमीटरच्या आत, तर ५ किलोपास्कलला पावणेचारच्या आसपास. त्यावरून संगणक लिव्हरचा रंगीत नकाशा काढतो आणि डॉक्टर त्यावर बऱ्याच मोठ्या भागाची सरासरी घेतात.

प्रत्यक्षात चार ते सहा तास उपाशी जायचं. बोगद्यात प्रत्येक वेळी श्वास सोडून पंधराएक सेकंद थांबायचं, असं तीन-चार वेळा. एवढ्यासाठी शिरेतून डाय देण्याची गरज नसते. शरीर जाड असलं किंवा पोटात पाणी असलं तरी फायब्रोस्कॅनइतकं अडत नाही. फॅटी लिव्हरच्या रुग्णांवर योकोहामामध्ये (२०१६) आणि सॅन दिएगोमध्ये (२०१७) दोन्ही तपासण्या बायोप्सीशी, म्हणजे सुईनं काढलेल्या लिव्हरच्या तुकड्याच्या तपासणीशी, ताडून पाहिल्या, तेव्हा फायब्रोसिस ओळखण्यात एमआर इलास्टोग्राफी सरस ठरली. मधल्या पट्ट्यात अडकलेल्यांसाठी मी तिचाच आग्रह धरीन.

तिलाही एक मोठी मर्यादा आहे आणि आपल्याकडे ती सांगायलाच हवी. लिव्हरमध्ये लोह साठलं असेल तर चित्र काळं पडतं आणि लाटा दिसतच नाहीत. विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी भागात सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ आहेत. अशा रुग्णांना किंवा थॅलेसेमियाच्या मुलांना वारंवार रक्त चढवावं लागलं की लोह साठतं. त्यांनी ही गोष्ट आधीच सांगावी. चित्र घेण्याची दुसरी पद्धत वापरता येते, किंवा फायब्रोस्कॅनच बरं पडतं. बंद जागेत जीव घाबरणाऱ्यांना एमआरआय जड जातं. पेसमेकर असेल तर कोणत्या जातीचा आहे, याची चौकशी आधीच करा.

आता सगळ्यात घोटाळा होतो ती गोष्ट. दोन्ही रिपोर्टांवर ‘किलोपास्कल’ लिहिलेलं असतं, पण दोन्ही आकडे एक नाहीत. फायब्रोस्कॅन ज्या प्रकारचा कडकपणा सांगतं तो एमआरच्या आकड्याच्या साधारण तिप्पट असतो. एमआरमध्ये २.५ च्या खाली निरोगी आणि ५ च्या वर सिरॉसिसची दाट शक्यता. तोच ५ फायब्रोस्कॅनवर आला तर आनंदाची बातमी! एकीकडे ९ आणि दुसरीकडे ३ आले म्हणून ‘सहा महिन्यांत लिव्हर सुधारलं’ असा निष्कर्ष काढू नका. सुधारणा बघायची तर तीच पद्धत, जमलं तर तेच केंद्र. एमआरमध्ये १९ टक्क्यांपेक्षा कमी फरक मोजमापातला चढउतार मानतात. ३.४ चं ३.० झालं तर तो फरक १२ टक्क्यांचाच.

मग सुई कशाला? कारण कडकपणा मोजणाऱ्या दोन्ही यंत्रांना कडकपणाचं कारण कळत नाही. कावीळ जोरात असताना, पित्त अडलेलं असताना किंवा हृदय कमजोर होऊन लिव्हर रक्तानं तुंबलेलं असताना वण नसूनही आकडा चढतो. ऑटोइम्यून हिपॅटायटिस (शरीराची प्रतिकारशक्तीच लिव्हरवर उलटते तो आजार), औषधाचा दुष्परिणाम किंवा कशातच न बसणारे रिपोर्ट, अशा वेळी पेशी डोळ्यांनी पाहाव्या लागतात. मात्र बायोप्सीत निघणारा तुकडा लिव्हरच्या सुमारे ५० हजाराव्या भागाएवढा, त्यामुळे जागा बदलली की पायरीही बदलू शकते. नंतर काही तास निजून राहावं लागतं, उजव्या खांद्यात दुखतं, आणि क्वचित गंभीर रक्तस्राव होतो. रक्त गोठण्यात दोष असेल तर मानेच्या शिरेतून तुकडा घेण्याचा मार्ग आहे. नुसती पायरी कळण्यासाठी थेट सुईला हो म्हणण्याआधी ‘इलास्टोग्राफीनं काम भागेल का?’ हे डॉक्टरांना विचाराच, त्यात संकोच नको. फॅटी लिव्हरवरच्या रेस्मेटिरॉम या औषधाला मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. ते एफ२-एफ३ पायरीच्या रुग्णांसाठी आहे, पण बायोप्सी केलीच पाहिजे अशी अट त्यात नाही.

आपल्या ५२ वर्षांच्या माणसानं आधी फायब्रोस्कॅन करावं. ६ आला तर वजन, साखर आणि दारू यांकडे लक्ष देऊन काही वर्षांनी पुन्हा मोजावं. १० आला किंवा मोजमापं जुळली नाहीत, तर एमआर इलास्टोग्राफी. वजन खूप जास्त असेल आणि खर्च झेपत असेल, तर मधली पायरी गाळून थेट तिथे गेलं तरी चालेल. नोंदणी करताना ‘पोटाचा एमआरआय’ एवढंच म्हणू नका. साध्या एमआरआयमध्ये हे मोजमाप होत नाही, आणि कंपनाची चकती प्रत्येक केंद्राकडे नसते. ‘लिव्हरची एमआर इलास्टोग्राफी करता का, आणि चरबीची टक्केवारी त्यातच देता का?’ असं विचारा. रिपोर्ट फाइलला लावताना वर पद्धतीचं नाव ठळक लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या डॉक्टरांना तो आकडा कुठल्या यंत्राचा आहे ते शोधावं लागणार नाही.