पीएसएममध्ये एमडी की एमपीएच? पीएचसीतल्या डॉक्टरसाठी

पीजीची यादी लागली की दरवर्षी दोन-तीन ज्युनिअर्सचे फोन येतात. रँक थोडी मागे गेलेली असते, पीएसएमची, म्हणजे सामाजिक आणि प्रतिबंधात्मक वैद्यकशास्त्रातल्या एमडीची, सीट मिळत असते आणि नेमकं त्याच वेळी कुणीतरी एमपीएचचं, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातल्या पदव्युत्तर पदवीचं, नाव कानावर घातलेलं असतं. "सर, सीट घेऊ की सोडू?" पाच वर्षं पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, काढल्यावर मीही याच प्रश्नापाशी अडलो होतो. तेव्हा जे पाहिलं ते लिहितो. अभ्यासक्रम, कालावधी, प्रवेशपरीक्षा हे तुम्हाला माहीत आहे असं धरतो.

आधी एमडीची बाजू, कारण ती खरोखर भक्कम आहे. तीन वर्षं स्टायपेंड मिळतो, म्हणजे घर चालतं. मेडिकल कॉलेजात शिकवायचं मनात असेल तर मग विचार करायचं कारणच नाही, तिथं एमडीच लागते. जिल्ह्याच्या आढावा बैठकीत एमडी झालेल्याचं बोलणं जरा जास्त लक्ष देऊन ऐकलं जातं, हेही मी पाहिलं आहे. 2021 च्या बॅचपासून प्रत्येक रेसिडेंटला तीन महिने जिल्ह्यात काढावे लागतात, त्यामुळे कॉलेजच्या भिंतीबाहेरचं काहीतरी आता हमखास दिसतं. आणि आईवडिलांना एमडी म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. एमपीएच होऊन इतकी वर्षं झाली, तरी माझ्या घरी ते अजून समजावून सांगावं लागतं.

तरी मी एमडी घेतली नाही. त्याला एकच गोष्ट कारणीभूत झाली.

निर्णयाआधी मी एका कॉलेजच्या पीएसएम विभागात तीन दिवस जाऊन बसलो. रेसिडेंट रूममधल्या टेबलावर थिसिसचे प्रोफॉर्मे होते आणि त्यांच्यावर एमसीक्यूची पुस्तकं उघडी पडलेली होती. पाचांतले चार जण पुढच्या नीटची तयारी करत होते. मला विभाग दाखवणारा मुलगा हुशार आणि मनमोकळा होता. जिना उतरताना म्हणाला, "सर, मी पुढच्या काउन्सेलिंगपर्यंतच आहे इथं." दुपारी क्षयरोगावरच्या एका पेपरचं वाचन झालं. वाचणाऱ्यानं स्लाइड्स वाचल्या, पंखा फिरत राहिला, कुणी काही विचारलं नाही. शेवटी विभागप्रमुखांनीच दोन प्रश्न विचारले आणि उत्तरंही त्यांनीच दिली.

त्या मुलांचा मला राग आला नाही. त्यांना मेडिसिन हवं होतं, सर्जरी हवी होती आणि मिळालं हे. देशभर हेच चित्र असावं असं वाटतं, कारण 2023 मध्ये पीजीच्या रिकाम्या जागा भरण्यासाठी पात्रतेचा पर्सेंटाइल थेट शून्यावर आणावा लागला होता. पण मी पाच वर्षं ज्या गावांत होतो तिथं माझे प्रश्न ऐकायलाच कुणी नव्हतं. लसीकरणाला एकाच वाडीतल्या बाया का येत नाहीत, क्षयाच्या गोळ्या दोन महिन्यांनी हमखास का सुटतात, यावर कुणाशी तरी वाद घालावा याची मला भूक लागली होती. जिथं प्रत्येक जण उठून जायच्या तयारीत बसला आहे अशा खोलीत तीन वर्षं काढणं मला जमलं नसतं.

ही एका विभागातली तीन दिवसांची गोष्ट आहे, एवढ्यावरून सगळ्यांना एकाच तराजूत तोलणं बरोबर नाही. सेवाग्रामला पहिल्या वर्षाची मुलं शिबिरासाठी गावात राहतात. तिथं पीएसएम हा एका विभागापुरता विषय नाही, कॉलेजचा कणा आहे. तशी जागा मिळत असेल तर माझा निम्मा युक्तिवाद गळून पडतो.

आता एमपीएचच्या उणिवा. फी भरावी लागते आणि स्टायपेंड नाही. मला साठवलेले पैसे मोडावे लागले. नंतरच्या नोकऱ्या बऱ्याचदा एनएचएमच्या (राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या), 11 महिन्यांच्या ऑर्डरवर. शिवाय एमपीएच म्हणून जे विकलं जातं त्यातलं सगळंच सारखं नाही. तिरुवनंतपुरमच्या अच्युत मेनन केंद्रात 1997 पासून हा अभ्यासक्रम चालतो, मुंबईत देवनारला टाटा समाजविज्ञान संस्थेत आहे, चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोग संस्थेत आहे, पुणे विद्यापीठातही आहे. पण जिथं फिल्डवर्क म्हणजे दोन आठवड्यांची एक सहल असते, अशाही जागा आहेत. 2022 मध्ये केंद्रानं सार्वजनिक आरोग्य व्यवस्थापनाच्या स्वतंत्र केडरसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. तमिळनाडूत सार्वजनिक आरोग्याचा वेगळा विभाग आणि 1939 पासूनचा स्वतंत्र कायदा आहे, तशी घडी आपल्याकडे बसली तर एमपीएचचं वजन वाढेल. आज मात्र त्या भरवशावर फी भरू नका.

एवढं सगळं सांगूनही माझा कल एमपीएचकडेच का, ते वर्गातल्या एका दुपारमुळे.

साथींचा अभ्यास चालू होता. प्रत्येकानं स्वतः हाताळलेली एक साथ मांडायची होती. मी माझ्या पीएचसीतली गॅस्ट्रोची साथ मांडली. पहिला रुग्ण कधी आला, किती जणांना सलाईन लावलं, ओआरएसची किती पाकिटं वाटली, सगळं तारीखवार. टाकीजवळ ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यातल्या क्लोरिनची तपासणी, केली तर नळीतलं पाणी पिवळं झालं, शेवटच्या नळाला मात्र रंग आलाच नाही, म्हणजे तिथं क्लोरिन पोचतच नव्हता. मी ग्रामपंचायतीला लेखी कळवलं की टीसीएलचं, म्हणजे ब्लीचिंग पावडरचं, प्रमाण वाढवा. मला वाटलं, मांडणी पूर्ण झाली.

शेजारच्या बाकावर बारा वर्षं एएनएम (उपकेंद्रातली परिचारिका) म्हणून काम केलेल्या एक सिस्टर बसायच्या. त्या म्हणाल्या, "सर, टीसीएलची पिशवी कुठं ठेवली होती?"

मला माहीत नव्हतं.

"तोंड बांधलेलं होतं का? टाकतं कोण? टाकल्यावर किती वेळानं पाणी सोडतात?"

यातलं काहीच मला सांगता येईना. मागून समाजकार्य शिकून आलेल्या एका मुलानं विचारलं, "शेवटचा नळ कुठल्या वस्तीत आहे?" याचं उत्तर मला येत होतं, आणि त्या वस्तीतलं एकही माणूस गावच्या पाणी समितीत नव्हतं हेही मला त्याच क्षणी आठवलं. पाच वर्षं मी त्या गावात जात होतो.

सुट्टीत मुद्दाम तिथं गेलो. पिशवी ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीत, ओल आलेल्या भिंतीला टेकून, तोंड उघडं. ताज्या ब्लीचिंग पावडरमध्ये क्लोरिन साधारण 33 टक्के असतो, पण हवा आणि ओल लागली की तो उडून जातो. त्या भुकटीचं प्रमाण मी वाढवायला सांगितलं होतं. शिपायाला पहाटे घरच्या म्हशींचं दूध काढायचं असायचं, म्हणून तो पावडर टाकून लगेच व्हॉल्व्ह उघडायचा. क्लोरिनला पाण्यात निदान अर्धा-पाऊण तास मिळायला हवा, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मी त्याला सांगितलं तेव्हा त्यानं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "आधी म्हशी आटपून मग येतो की, त्यात काय."

एमबीबीएसच्या प्रॅक्टिकलला, पाण्याला किती ब्लीचिंग पावडर लागेल ते काढणारा, हॉरॉक्सच्या सहा पांढऱ्या कपांचा प्रयोग मी बिनचूक केला होता. तिसऱ्या कपात पहिला निळा रंग आला तर 455 लिटर पाण्याला सहा ग्रॅम पावडर, हे आजही झोपेतून उठवलं तरी सांगेन. पण पिशवीबद्दल विचारायचं असतं हे मला एका सिस्टरनं शिकवलं, आणि ती माझ्या शेजारी बसली होती कारण एमपीएचच्या वर्गात नर्स, दंतवैद्य, वैद्य, समाजकार्यवाले सगळे एकाच बाकावर बसतात. एमडीच्या वर्गात फक्त डॉक्टर असतात. माझ्या लेखी दोन पदव्यांमधला खरा फरक हाच.

आपल्याकडची मोठी उदाहरणंही मला याच बाजूला झुकलेली दिसतात. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकले आणि 1970 मध्ये जामखेडला आले, तिथं त्यांनी खेड्यातल्या, बहुतेक निरक्षर बायकांना आरोग्यसेविका केलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग दोघंही आधी एमडी, मग हॉपकिन्सचं एमपीएच. गडचिरोलीत त्यांच्या कामातून मुलांचे श्वास मोजायला मणी आणि वाळूचं घड्याळ असलेलं साधन निघालं, म्हणजे आकडे मोजता न येणाऱ्या बाईलाही न्यूमोनिया ओळखता यावा. घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याची त्यांची पद्धत 1999 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली आणि 2011 पासून देशभरच्या आशाताई तीच कामात आणतात. ही माणसं निष्णात डॉक्टर होतीच. पण दवाखान्याबाहेरच्या माणसाच्या हाती ज्ञान कसं द्यायचं, हा वेगळा अभ्यास आहे असं त्यांना वाटलं असावं.

म्हणून मी फोनवर असं सांगतो. इंटर्नशिप नुकतीच संपली असेल, घरची जबाबदारी असेल किंवा शिकवण्याची आवड असेल, तर एमडी घ्या, मनापासून घ्या. पीएचसीत तीन-चार वर्षं काढली असतील आणि तिथले प्रश्न अजून डोक्यातून जात नसतील, तर मी एमपीएच म्हणेन. इंटर्नशिपनंतर लगेच एमपीएच मात्र नको, तेव्हा मांडायला स्वतःची एकही साथ नसते.

चॉइस भरण्याआधी दोन्हीकडे एकेका दुपारच्या सेमिनारला जाऊन मागच्या रांगेत बसा आणि किती जण प्रश्न विचारतात ते पाहा. एमपीएचच्या ऑफिसात फी विचाराल तेव्हा यंदाच्या बॅचमध्ये सिस्टर किती आहेत, तेही विचारा.