हायड्रोजन सल्फाइड मीटर: यंत्र बरं, नळी भिकार

मीटरचं सेन्सर-कार्ट्रिज गेलं आणि सर्व्हिसवाल्यांशी वाजलं, म्हणून लिहितोय. ० ते १०० पीपीएमचा, आत पंप असलेला हा हातातला मीटर जिवाणूंच्या कल्चरवरचा वायू मोजायला घेतला होता.

आधी त्या रबरी नळीबद्दल. एवढ्या महाग यंत्रासोबत असली नळी देताना लाज कशी वाटत नाही? हायड्रोजन सल्फाइड रबराला धरून बसतो. हा वायू सोडणाऱ्या प्रोटियस जिवाणूची बाटली जोडली की आकडा रेंगाळत चढायचा, आणि मग कल्चर न घातलेली कोरी बाटली लावली तरी शून्यावर यायचं नाव नाही. टेफ्लॉनची वीतभर नळी बसवली, तसा आकडा झटक्यात चढू-उतरू लागला. तेव्हाच लिहिलं असतं तर चार तारे दिले असते.

पुढे डीसल्फोव्हिब्रिओ, म्हणजे ऑक्सिजनशिवाय वाढून हाच वायू सोडणारा जिवाणू, वाढवायला घेतला. बाटलीत नायट्रोजन भरलेला, तळाशी आयर्न सल्फाइडचा काळाकुट्ट गाळ, आणि मीटर मात्र थोडा चढून घसरतोय! या सेन्सरलाच चालायला ऑक्सिजन लागतो. माहितीपुस्तिकेत ते शेवटच्या पानावर बारीक अक्षरात. आता काचेच्या सिरिंजने ५ मिली वायू काढून ४९५ मिली हवेच्या पिशवीत सोडतो आणि ती पिशवी मीटरला लावतो. वायू १०० पट विरळ होतो, ऑक्सिजनही मिळतो. यावर मात्र मी खूश आहे.

पण हा आकडा म्हणजे कल्चरमधलं एकूण सल्फाइड नव्हे. पीएच ७ च्या आसपास जवळपास निम्मं आयन होऊन द्रवातच राहतं. एकूण हवं असेल तर झिंक अ‍ॅसिटेटमध्ये पकडून मिथिलीन ब्लू ही निळ्या रंगाची चाचणी करावी, रंग ६७० नॅनोमीटरला वाचावा.

सर्व्हिसवाले म्हणतात, "हे सुरक्षेचं उपकरण आहे, लॅबच्या वापराला वॉरंटी नाही." विकायला आलेला यांचाच माणूस कल्चरच्या बाटल्यांशेजारी उभा राहून डेमो देऊन गेला होता. असली कार्ट्रिजं तशीही दोनेक वर्षांत संपतात, हे तेव्हा कोण सांगतंय!

तूर्त लेड अ‍ॅसिटेटची पट्टी, जी या वायूने काळपट होते, बुचाखाली अडकवतोय. शिसं विषारी, हातमोजे हवेतच. पण हो की नाही एवढंच बघायचं तर पट्टी पुरते: टीएसआय या जिवाणू ओळखायच्या माध्यमात काळं न करणारा ई. कोलायसुद्धा सिस्टीन हे गंधक असलेलं अमिनो आम्ल दिलं की तिला तपकिरी करतो. दोन तारे. घेणार असाल तर कार्ट्रिजची किंमत आधी लेखी मागून घ्या.