प्लिकर्स: मुलांच्या हाती मोबाइल न देता घेतलेला कौल

वर्गात मोबाइल एकच, तोही शिक्षकाचा. तरी पटावरच्या प्रत्येक मुलाचे उत्तर मिनिटभरात कळते. ‘समजलं का?’ विचारल्यावर सगळा वर्ग एका सुरात ‘हो’ म्हणतो. त्यात नेमके कोण अडकले आहे, ते प्लिकर्स हे छापील कार्डे आणि मोबाइल ॲप यांवर चालणारे साधन नावानिशी दाखवते.

मुलाकडे काळ्या नक्षीचे कार्ड असते. त्याच्या चार बाजू म्हणजे चार पर्याय. निवडलेली बाजू वर धरायची. शिक्षकाने ॲपचा कॅमेरा वर्गावरून सावकाश फिरवला की उत्तरे नोंदली जातात. प्रत्येकाची नक्षी वेगळी असल्यामुळे शेजाऱ्याचे पाहून कार्ड फिरवण्यात अर्थ नसतो.

४० कार्डांचा संच फुकट छापून घेता येतो. पट मोठा असेल तर ६३ कार्डांचाही आहे. कागद जाड घ्या. लॅमिनेशन मॅटच करा, कारण चकचकीत प्लास्टिकवर उजेड परावर्तित होतो आणि कॅमेऱ्याला नक्षी दिसत नाही. कार्ड क्रमांक आणि हजेरी क्रमांक एकच ठेवा. कार्डावर बारीक इंग्रजी अक्षरे असतात. लहान वर्गांसाठी त्यांच्याशेजारी पांढऱ्या जागेत पेन्सिलीने अ, ब, क, ड लिहा, नक्षीला मात्र धक्का लावू नका. नोंद होत नसेल तर बहुतेक वेळा बोटे नक्षीवर आलेली असतात, कार्ड तिरके असते किंवा मुलांच्या पाठीमागे उघडी खिडकी असते.

खरे कष्ट प्रश्न रचण्यात आहेत. चुकीचे पर्याय मुलांच्या नेहमीच्या चुकांमधून आले नाहीत, तर हाती फक्त टक्केवारी लागते. दशांश अपूर्णांकांचे उदाहरण घ्या. ‘सर्वांत मोठी संख्या कोणती?’ अ) ०.४, ब) ०.६२, क) ०.१२५, ड) मला सांगता येत नाही. ‘क’ धरणारा १२५ ही पूर्ण संख्या वाचतो आहे. ‘अ’ धरणाऱ्याच्या डोक्यात ‘दशांश चिन्हापुढे अंक कमी, तर संख्या मोठी’ असा नियम बसला आहे. दोघांना एकच स्पष्टीकरण देऊन भागत नाही. इथे बरोबर उत्तर ०.६ ठेवले असते, तर हा दुसरा गट चुकीच्या कारणाने बरोबर ठरला असता आणि निसटला असता. ‘ड’ पर्याय अंदाजपंचे उत्तरे कमी करतो. तो जरूर ठेवा.

हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी १९९० च्या दशकात रुजवलेली पद्धत इथे चपखल बसते. साधारण ३० ते ७० टक्के उत्तरे बरोबर आली, तर लगेच उलगडा करू नका. मुलांना वेगळे उत्तर असलेल्या शेजाऱ्याला दोन-तीन मिनिटे आपले उत्तर पटवून द्यायला सांगा आणि पुन्हा कौल घ्या. पहिल्या कौलाचा आलेख पडद्यावर मुळीच दाखवू नका. मुले कारणाकडे न पाहता बहुमताकडे झुकतात. ३० टक्क्यांहून कमी असेल तर संकल्पनाच पुन्हा शिकवावी लागते. प्रोजेक्टर नसेल तर प्रश्न फळ्यावर लिहा, काही अडत नाही.

फुकट खात्यात एका प्रश्नसंचात पाचच प्रश्न बसतात. एका तासिकेला दोन-तीन चांगले प्रश्न पुरतात, त्यामुळे ही मर्यादा टोचत नाही. भागाकाराची मांडणी कुठल्या पायरीवर चुकली, हे मात्र या कार्डांतून कळणार नाही. तिथे वहीच तपासायला हवी.