घरच्या घरी एसी धुवायचा संच: पिशवीला पैकीच्या पैकी, फोमला भोपळा

खोक्यात एवढं निघालं: निळ्या प्लास्टिकची मोठी पिशवी, तिच्या तळाला जोडलेली नळी, हाताने हवा भरायचा दोन लिटरचा फवारा, फोमचा डबा, एक लांब ब्रश, प्लास्टिकचा एक कंगवा आणि चार पानी माहितीपत्रिका. ऑनलाइन १,२९० रुपये पडले. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. हाच माल चार-पाच नावांनी विकायला आहे आणि फोटो शेजारी ठेवले तर पिशवीवरचा छापा सोडून काही वेगळं दिसत नाही.

मी अकोल्यात लेडीज टेलरिंग करते. घराची पुढची खोली म्हणजेच दुकान, तिथे दीड टनाचा स्प्लिट एसी आहे. ओव्हरलॉक मशीन कापडाची कड कापत कापत शिवते, त्यामुळे दिवसभर बारीक लव उडत असते. ती जमिनीवर बसायच्या आधीच एसी ओढून घेतो. साध्या घरातल्या एसीची जाळी दोन-तीन आठवड्यांनी धुतली तरी भागतं. माझ्याकडे लग्नसराईत आठवड्यातच जाळीवर नमद्यासारखा थर बसतो आणि त्यातूनही सुटलेली लव आतल्या कॉइलला, म्हणजे हवा गार करणाऱ्या नळ्या-पात्यांच्या जाळ्याला, जाऊन चिकटते. वर्षातून एकदा माणूस बोलावून धुऊन घेण्याने माझं काम होत नाही, आणि दर खेपेला पाचशे ते सातशे मोजायचे म्हटले तर ब्लाउजच्या शिलाईत ते परवडतही नाही. म्हणून हा संच.

पिशवीबद्दल आधी बोलते, कारण पैसे तिचेच आहेत. वरच्या काठाला इलास्टिक आहे, त्यात दोरी ओवलेली. युनिटला खालून पिशवी चढवायची, दोरी ओढून गाठ मारायची आणि नळीचं टोक बादलीत सोडायचं. दोन्ही बाजूंना आत ताठ पट्ट्या आहेत, त्यामुळे पिशवी आत कोसळत नाही, पाणी सरळ तळाशी जातं. भिंत कोरडी राहिली. खाली कटिंगचं टेबल होतं, त्यावर थेंब नाही. युनिट भिंतीला अगदी चिकटून असतं तिथे मागच्या बाजूने फट राहते. तिथे मी जुना टॉवेल गुंडाळून खोचला.

शिवणारीची नजर म्हणून सांगते, कडांची शिवण चांगली आहे, आतून टेप मारलेली आहे. नळी जिथे जोडली आहे तिथे मात्र नुसता गोंद. सगळ्या पाण्याचं वजन त्या एका जागेवर येतं आणि तिथेच हात आखडता घेतलाय. वापरायच्या आधी मी तिथे रेक्झिनचा गोल तुकडा लावून दुहेरी शिवण मारली, वरून सिलिकॉन. हे ज्यांना जमत नाही त्यांनी निदान त्या जोडाखाली एक तसराळं ठेवावं.

फवारा बागेत वापरतात तसलाच आहे. दाब बेताचा. तक्रार नाही, उलट तेच बरं, कारण कॉइलवरच्या ॲल्युमिनियमच्या पात्या इतक्या पातळ असतात की गाडी धुवायच्या पंपाने लोळागोळा होतात. पात्या उभ्या असतात, तेव्हा पाणीही वरून खाली, पातीच्या रेघेनेच मारायचं. तिरकं मारलं की त्या आडव्या पडतात आणि मग हवेची वाटच बंद होते. अशा पडलेल्या पात्या सरळ करायला तो कंगवा दिलाय, पण त्याचे दात माझ्या एसीच्या पात्यांत बसतच नाहीत. ब्रशही फार राठ आहे. मी तो मशीनची झाड-पूस करायला ठेवला आणि कॉइलला जुना मऊ टूथब्रश घेतला.

सगळ्यांत जास्त मळ निघाला तो ब्लोअरमधून. हवा बाहेर पडते त्या फटीत आडवा, लांब, पंख्याच्या पात्यांचा दंडगोल दिसतो, तो ब्लोअर. लोक जाळी धुतात, कॉइलवर पाणी मारतात आणि ह्याला विसरतात. एसीचा आवाज येतो पण हवा लागत नाही, किंवा सुरू केल्याबरोबर कुबट वास येतो, तेव्हा बहुतेक वेळा इथेच पुटं चढलेली असतात. बोटाने एकेक घर पुढे सरकवत खालून फवारा मारत गेले. बादलीतलं पाणी काळं झालं आणि त्यात रंगीत धागे तरंगत होते. मागच्या दिवाळीतला मोरपंखी सुद्धा ओळखू आला.

आता फोम. डब्यावर लिहिलंय की फवारा, दहा मिनिटं थांबा, एसी सुरू करा, धुवायची गरज नाही. ह्यामागचं गणित असं की एसी चालला की थंड कॉइलवर हवेतली वाफ पाणी होऊन साचते आणि ते पाणी फोम धुऊन निचऱ्याच्या पाइपातून नेतं. मुंबईत, रत्नागिरीत, गोव्यात हे होत असेल. तिथे एसीच्या पाइपाखाली बादली भरते. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी असते की पाइपाचं टोक दुपारभर सुकं राहतं. मग फोम धुणार कोण? तो पात्यांमध्येच वाळतो, चिकट होतो आणि पुढची लव त्याच्यावर आणखी घट्ट बसते. वर त्याचा लिंबासारखा उग्र वास. मी भरपूर पाण्याने धुऊन काढला तेव्हा कुठे तो गेला. आणि पाण्याने धुवायचंच असेल तर फोम कशाला? तेलकट मळ असेल, म्हणजे एसी स्वयंपाकघराजवळ असेल, तर भांड्यांच्या साबणाचे चार थेंब दोन लिटर पाण्यात पुरतात. कोरड्या मुलखातल्या माणसाने ह्या डब्याचे पैसे देऊ नयेत. पण विक्रेत्याकडे फोमशिवाय संच नाही, हीच ह्या मालाची मोठी खोट.

पाण्याबद्दल पत्रिकेत एक अक्षर नाही. अकोला, अमरावती, बुलडाणा ह्या जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्याचा खारपाणपट्टा आहे. तिथल्या बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही. तसलं खारं पाणी ॲल्युमिनियमवर मारून तसंच वाळू दिलं की पांढरी पुटं चढतात आणि पात्या खायला लागतात. काटेपूर्णा धरणाचं नळाचं पाणी येतं त्या दिवशीच मी हे काम काढते. आरओचं वाया जाणारं पाणी वापरायचं कोणी सुचवलं तर ऐकू नका; त्यात क्षार नळापेक्षा जास्त असतात.

पत्रिकेवर माझा खरा राग आहे तो वेगळ्या कारणाने. रिमोटने एसी बंद केला तरी आतल्या सर्किट बोर्डात वीज असतेच. पाणी मारण्याआधी एमसीबी (एसीच्या विजेचा खटका) पाडायचा आणि युनिटच्या ज्या बाजूला बोर्ड असतो (बहुतेक उजव्या) ती बाजू जाड प्लास्टिक आणि टेपने बंद करायची. ही सूचना पहिल्या पानावर लाल अक्षरात हवी होती. ती तिसऱ्या पानाच्या तळाशी, मुंगीएवढ्या टायपात आहे. धुऊन झाल्यावर किती वेळ थांबायचं तेही नाही. मी रात्री धुते आणि सकाळी आधी अर्धा-पाऊण तास नुसता फॅन मोड लावते, कूलिंग त्यानंतर.

शेवटच्या पानावर 'बिघाड व उपाय' असा तक्ता आहे. बऱ्याच रकान्यांत उपाय एकच: आमचा फोम वापरा. एक बिघाड तर बिघाडच नाही. "भर दुपारी थंडावा कमी" असं लिहिलंय. एसीची दीड टन ही ताकद मोजतात ती बाहेर ३५ अंश तापमान धरून. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो, आणि बाहेरचं युनिट पत्र्याच्या शेडवर पश्चिमेच्या उन्हात असेल तर त्याच्या आजूबाजूची हवा आणखी तापलेली. तेव्हा दुपारी तीनला खोली २२ होत नाही ह्यात यंत्राचा दोष नाही. २६ वर ठेवा, पंखा लावा, पडदा ओढा. बाहेरच्या युनिटला वरून सावली करा, पण समोरून नको. आमच्या गल्लीत एकांनी कूलरचा वाळा ओला करून बाहेरच्या युनिटवर बांधला होता. गरम हवा बाहेर पडायची तीच तोंडं झाकली, मग एसी दर थोड्या वेळाने बंद पडायचा आणि ते दादा व्होल्टेजला शिव्या द्यायचे.

थंडावा खरंच घटलाय का हे बघायला फोम लागत नाही, दीडशे रुपयांचा डिजिटल तापमापक लागतो (तापाचा नव्हे, खोलीचा). एसी पंधरा-वीस मिनिटं चालू द्यायचा. मग हवा आत जाते तिथे, म्हणजे वरच्या जाळीपाशी, आकडा बघायचा आणि बाहेर येते तिथे बघायचा. आठ ते बारा अंशांचा फरक असेल तर यंत्र आपलं काम करतंय. फरक चार-पाचच असेल तर आधी जाळी, मग कॉइल, मग बाहेरच्या युनिटच्या पाठीवरची धूळ. त्याच्याही आधी रिमोटवर बर्फाच्या फुलाचं, म्हणजे कूलिंगचं, चिन्ह आहे का ते बघा. शेजारच्या काकूंचा एसी त्यांच्या नातवाने ड्राय मोडवर टाकला होता आणि त्या मिस्त्रीला फोन करायला निघाल्या होत्या. रिमोटचं बटण दाबून काहीच होत नसेल तर त्याचं टोक मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरून दाबा. स्क्रीनवर जांभळट ठिपका लुकलुकला तर रिमोट ठीक आहे, दुखणं आत आहे.

कॉइलवर बर्फ धरला तर लोकांना आनंद होतो, की वा, काय गार करतोय. तो बर्फ म्हणजे हवा नीट फिरत नाही किंवा गॅस कमी आहे. कूलिंग बंद करून फॅन मोडवर बर्फ वितळू द्यायचा, जाळी-कॉइल धुवायची. एवढं करूनही परत बर्फ धरला तर मात्र माणूस बोलवायचा.

आणि माणूस बोलावला की एक वाक्य ठरलेलं. माझ्याकडे आलेल्या एकाने जाळीसुद्धा न काढता सांगितलं, "ताई, गॅस उडाला पुरा. भरा लागते." मी म्हटलं, "भाऊ, उडाला तर कुठून उडाला ते दाखवा, मग भरू." एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, तो बंद नळ्यांत फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे. बाहेरच्या युनिटला तांब्याच्या नळ्या जोडतात त्या नटांपाशी तेलकट डाग दिसला तर तिथे संशय घ्यायचा, कारण गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं थोडं तेलही बाहेर येतं. साबणाचा फेस लावून बुडबुडे बघता येतात. गळती न शोधता दरवर्षी गॅस भरणं म्हणजे भोक असलेल्या टाकीत टँकर ओतणं. तो भाऊ मग जाळी काढायला तयार झाला, आणि जाळीतून बाहेर आली लव.

गॅस भरणं हे मात्र स्वतः करायचं काम नाही. हल्लीच्या बऱ्याच एसींत आर ३२ असतो, तो थोडाफार पेट घेणारा आहे. तसंच बाहेरचं युनिट नुसतं गुणगुणतंय आणि पंखा फिरत नाही, तर बऱ्याचदा कपॅसिटर, म्हणजे मोटर सुरू करायला लागणारा भाग, गेलेला असतो. भाग स्वस्त आहे, यूट्यूबवर बदलतानाचे व्हिडिओही ढीगभर आहेत, पण कपॅसिटरमध्ये वीज काढल्यावरही झटका देण्याइतका भार साठलेला राहू शकतो. एमसीबी पुन्हा पुन्हा पडत असेल तर तो वर करत बसू नका, आणि मोठ्या आकड्याचा एमसीबी तर मुळीच बसवू नका. आतली वायर तापेल.

ज्या एका कामात हा संच खरंच पैसे वसूल करतो ते काम पावसाळ्यात येतं. जूनच्या शेवटी हवेत ओल आली की एसी पाणी गाळायला लागतो, आणि कॉइलखाली पाणी झेलायचं तबक असतं त्यात उन्हाळाभर साचलेली लव भिजून तिचा लगदा होतो. तो निचऱ्याच्या तोंडाशी बसला की पाणी भिंतीवरून खाली. गेल्या जुलैत आमच्या गल्लीत निम्म्या घरांतून "एसी गळतोय" ऐकू येत होतं. फवाऱ्याची तोटी काढून नुसती नळी निचऱ्याच्या तोंडाला धरली आणि दाब दिला की लगदा बाहेरच्या टोकातून भसकन निघतो. त्या वेळी खाली कोणी उभं नाही ना एवढं बघा.

पिशवी मागवायच्या आधी टेप घेऊन स्वतःचं युनिट मोजा. दीड टनाचं युनिट बहुतेक ८५ ते १०० सेंटीमीटर लांब असतं आणि ही पिशवी तेवढ्यालाच बेताची आहे. माझ्या नणंदेच्या पार्लरमधला दोन टनाचा एसी तिच्यात मावला नाही. तिला मी ताडपत्रीची शिवून देतेय, नळीच्या जोडाला दुहेरी शिवण घालून. कापड, इलास्टिक आणि नळी धरून खर्च साडेतीनशेच्या आत.