शिकवणारा आयसीयू: बेळगावच्या मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यातले आमचे अकरा दिवस

"शिकाऊ पोरांच्या हातात आईला देऊ नको." त्या सकाळी फोनवर तिघा पाहुण्यांनी मला हेच सांगितलं. कॉलेजचा दवाखाना म्हटला की आमच्याकडे ही भीती असतेच. ती किती खोटी आहे ते मी अकरा दिवस खाटेशेजारी उभं राहून पाहिलं, म्हणून हे लिहितोय. पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते पुढे येईलच, आणि त्या तक्रारीमुळेच दवाखान्याचं नाव लिहीत नाही.

मी खानापूर तालुक्यात मराठी शाळेत शिक्षक आहे. जुलैतली रात्र, पाऊस कोसळतोय, आई माजघरात चटईवर झोपलेली. पहाटे तीनला पोटात कळ आली म्हणून उठली, उलटी झाली. आम्ही ओवा दिला. साडेचारला पापण्या उतरल्या. धाकटा भाऊ विचारतोय, "आई, काय बोलूलालीस?" आणि तिची जीभ वळेना. साप कुणी पाहिला नव्हता. करंगळीवर टाचणी टोचल्याएवढी खूण, ना सूज ना रक्त. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी पापण्या बघूनच मण्यार ओळखली. सर्पविषावरच्या इंजेक्शनच्या १० बाटल्या सलाइनमधून दिल्या, श्वास मंदावला तशी घशात नळी घातली. बेळगावपर्यंतचे सव्वीसेक किलोमीटर अँब्युलन्समधला मुलगा श्वास देणारा फुगा हाताने दाबत होता. तो एकदाही थांबला नाही.

इथल्या आयसीयूच्या प्रमुख प्रोफेसर मॅडम आहेत. सकाळी आठला राउंड, आणि त्या वेळी एका नातेवाइकाला खाटेजवळ उभं राहू देतात. हा नियम मॅडमचाच, असं सिस्टरनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी एका ज्युनियर डॉक्टर मुलीनं आईच्या डोळ्यांत टॉर्च मारला. बाहुल्या फाकलेल्या, उजेडाला हलेनात. तिचा चेहरा उतरला आणि माझे पाय लटपटले. मॅडमनी तिलाच विचारलं, "मण्यार चावल्यावर बाहुल्या का फाकतात?" कुणी बोलेना. मग त्यांनी तिथंच समजावलं. हे विष नसांची टोकं निकामी करतं, मेंदूचा हुकूम स्नायूपर्यंत पोचत नाही, बाहुलीचंही तेच होतं. मेंदू जागा असतो. नुसतं बघून पेशंट गेला असं वाटू शकतं, पण तो ऐकत असतो. इंजेक्शन रक्तातलं विष मारतं, बिघडलेली टोकं दुरुस्त करत नाही. ती पुन्हा फुटायला दिवस लागतात, तोवर मशीननं श्वास द्यायचा.

एवढं बोलून त्या आईच्या कानाशी वाकल्या. मॅडमच्या घरची भाषा कन्नड, पण मराठीत म्हणाल्या, "आजी, तुम्ही दवाखान्यात आहात. श्वास मशीन देतंय. हात हलत नाही तो विषामुळं, परत हलणार. मुलगा इथंच आहे." आणि मुलांना बजावलं, की हात लावण्याआधी प्रत्येकानं आपलं नाव सांगायचं आणि काय करणार ते सांगायचं. त्या दिवसापासून सुई टोचणाराही "आजी, मी अमुक" म्हणू लागला.

आणखी एक प्रसंग सांगायलाच हवा. मशीनवर प्रत्येक श्वास ५०० मिलिलिटरचा लावलेला. मॅडमनी त्याच ज्युनियर मुलीला विचारलं, "हा आकडा कुठून आणला?" उत्तर आलं, वजन ६४ किलो, गुणिले ८. "उंची मोजलीस?" नव्हती मोजली. टेप आणली, १५२ सेंटिमीटर भरली. अंगावर चरबी वाढली म्हणून फुप्फुस वाढत नाही, उंचीवरून वजन धरायचं, ते ४५ किलो. श्वास ३५० वर आणला. मग त्यांनी २००० साली छापून आलेला अमेरिकेतला अभ्यास सांगितला: फुप्फुसं सुजलेले ८६१ रुग्ण, निम्म्यांना किलोमागे १२ मिलिलिटरचा श्वास, निम्म्यांना ६ चा. मोठ्या श्वासाच्या गटात शंभरातले जवळपास ४० दगावले, लहान श्वासाच्या गटात ३१. "जास्त हवा म्हणजे जास्त माया नव्हे," त्या म्हणाल्या. मी एकोणीस वर्षं फळ्यापुढं उभा आहे. चुकलेल्या पोराला न हिणवता उत्तरापर्यंत नेणं किती अवघड असतं ते मला माहीत आहे. ती मुलगी चूक करून तिथंच थांबली असती, पण चौघांसमोर कारण सांगायची सक्ती होती, म्हणून चूक सापडली. जिथं कुणी विचारत नाही तिथं ती तशीच राहिली असती.

फुगा दाबणाऱ्या मुलाबद्दल मी मॅडमना सांगितलं, तेव्हा त्यांनी कोपनहेगनची गोष्ट ऐकवली. १९५२ साली तिथं पोलिओची साथ आली, मशिनं पुरेनात. बियॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञानं १२ वर्षांच्या एका मुलीच्या गळ्यात नळी घालून हाताच्या फुग्यानं श्वास दिला आणि ती वाचली. मग मेडिकलची पोरं पाळ्या लावून रात्रंदिवस फुगे दाबत बसली, दीडेक हजार पोरं. आयसीयू जन्मला तो असा, विद्यार्थ्यांच्या हातांतून. "म्हणून गुरुजी, आयसीयूत विद्यार्थी नकोत असं मला कुणी सांगू नये."

या वाटेला लागणारी वर्षं मी मोजली: एमबीबीएस इंटर्नशिपसह साडेपाच, भूलशास्त्रात एमडी तीन, वर क्रिटिकल केअरमध्ये, म्हणजे आयसीयूतल्या उपचारांत, डीएम तीन. साडेअकरा वर्षं, आणि मग शिकवणं, परीक्षा घेणं, रात्री पेपर लिहिणं. आपल्या देशात या डॉक्टरांची संघटनाच १९९३ ची, म्हणजे शाखा तशी तरुण. पुण्या-बंगळुरात खाजगीत गेल्या असत्या तर पैसा बक्कळ होता. इथं का राहिलात, विचारलं. म्हणाल्या, "उसाच्या पट्ट्यातली औषध प्यालेली माणसं आणि जंगलाकडची साप चावलेली माणसं बेळगावलाच येणार ना? ती बघायला शिकलेली पोरं इथंच तयार व्हायला हवीत."

आता कापलेला अर्धा. संमतीचे कागद इंग्रजीत. माझ्या भावानं न वाचता सहा सह्या केल्या, आणि हे सीमाभागात तरी चालू नये. कन्नड आणि मराठी दोन्ही हवं. नातेवाइकांना बसायला बाकडी अपुरी, आम्ही जिन्यात झोपलो. रात्री पैसे भरायच्या खिडकीवरचा माणूस वसकन बोलतो.

सहाव्या दिवशी आईची भुवई हलली, नवव्या दिवशी नळी निघाली, अकराव्या दिवशी आम्ही घरी आलो. पंधरा दिवसांनी तपासणीला नेलं. ती टॉर्चवाली मुलगी समोरून आली, मास्क नव्हता. "आजी, ओळखलं का?" आई तिच्या तोंडाकडं बघतच राहिली. मग म्हणाली, "परत बोल बघू जरा." ती बोलली, आणि आईनं तिचं नाव बरोबर सांगितलं.